दादाचा हात पोचू नये म्हणून

आमच्या गाण्याच्या पार्टीत मी पंचवीस वर्षांपासून बेस गिटार वाजवतो. एवढ्या वर्षांत कार्यक्रम संपल्यावर एकही माणूस माझ्याजवळ येऊन बेस चांगला वाजला असं म्हणालेला नाही. लोकांना मी दोष देत नाही. जे ऐकूच गेलं नाही त्याचं कौतुक ते कुठून करणार?

पार्टी माझ्या मोठ्या भावाची. दादा मधोमध उभा राहून गातो, मी त्याच्या डाव्या बाजूला. त्याच्या उजव्या हातात माइक असतो आणि डावा हात रिकामा. पहिलं कडवं संपत आलं की तो रिकामा हात माझ्याकडे येतो. माझ्या उजव्या मांडीपाशी, गिटारीवर, व्हॉल्यूमचं बटन असतं. ते तो चाचपतो आणि फिरवून आवाज खाली आणतो. गाणं चालूच. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्याची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. तिकिटं फाडता फाडता, दोरीकडे न बघता घंटी मारायची सवय आहे त्या हाताला. फरक एवढाच, की घंटी मारली की गाडी सुटते. मी मात्र तिथंच उभा.

दादाचं म्हणणं चूक आहे असंही नाही, आणि खरी अडचण तीच आहे. आमचे कार्यक्रम बहुतेक जयंतीच्या दिवसांतले. निळे झेंडे, मंडप, समोर पांढऱ्या साड्यांत बसलेल्या बाया. ही माणसं शब्द ऐकायला येतात. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द कळला पाहिजे, तुझी ढुमढुम तिला काय करायची, असं दादा म्हणतो. शिवाय वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. माझी फी, माझी पुस्तकं, माझं लग्न, सगळं त्यानं केलं. पहिली बेस गिटारही त्यानंच आणली, कारण पार्टीला बेसवाला हवा होता. मला ढोलकी शिकायची होती. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी काहीच केलं नाही असं नाही. एकदा त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. गिटारीचा दांडा त्याच्या बरगडीत लागला आणि दुसऱ्या गाण्याला मी परत डावीकडे. एकदा बटनाची टोपीच काढून ठेवली. त्यानं आतली उघडी दांडी चिमटीत धरून फिरवली. एकदाचं सांगून टाका ना, असं बायको म्हणायची. चार वेळा ठरवून त्याच्या घरी गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो.

मागच्या वर्षी माझ्या मुलीनं, ती कॉलेजात आहे, अमरावतीतल्या आमच्या एका कार्यक्रमाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. घरी येऊन कानात हेडफोन घालून दोनदा ऐकला आणि मला विचारलं, "पप्पा, याच्यात तुमचा आवाज कोणता हाय?"

मी तिला तो शोधून द्यायला बसलो. माझी बोटं दिसत होती, तारा हलताना दिसत होत्या. आवाज मलाही सापडला नाही. तेव्हा जे वाटलं त्याला मी बरेच दिवस राग म्हणत होतो, पण ती भीती होती. मी असाच नुसती बोटं हलवत हलवत एक दिवस मरून जाणार, आणि पार्टीत काही कमी झालं हे कोणाला कळणारही नाही, ही भीती. मला फार काही नको होतं. एक कार्यक्रम हवा होता, ज्यात बेस पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येईल आणि मुलीच्या त्या मोबाइलमध्ये सापडेल.

बाजारातल्या सगळ्या बेस गिटारींची बटनं एकाच जागी असतात, उजव्या मांडीपाशी. सगळ्या कंपन्यांनी दादाला विचारूनच ती बसवली असावीत. म्हणून मी गिटार बनवून घ्यायचं ठरवलं.

अकोल्याला एक मिस्त्री आहे. आधी फर्निचर करायचा, मग हार्मोनियम दुरुस्त करायला लागला, आता ऑर्डरप्रमाणे गिटारी बनवतो. त्यानं मला लाकूड दाखवलं. परतवाड्याहून आणलेली शिवण, हलकी, पिवळसर. पण लाकडाला हात लावायच्या आधी त्यानं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, गिटारीच्या आकारात कापला, त्याला जुना पट्टा लावला आणि माझ्या गळ्यात अडकवला. मग पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं आणि दोन्हीकडून चिकटणारी टेप हातात दिली. एक झाकण व्हॉल्यूमचं, एक टोनचं, एक तारांखालच्या, त्यांचा आवाज टिपणाऱ्या दोन पिकअपपैकी कोणत्याचा आवाज किती घ्यायचा त्याचं, आणि चौथं वायर जिथं खुपसतात त्या भोकाचं. हे घरी न्यायचं, आठ दिवस डोळे मिटून वाजवल्यासारखं करायचं, आणि हात आपोआप जिथं जाईल तिथं झाकण चिकटवायचं. त्याची पद्धतच ती. "डोक्याले नका विचारू, भाऊ," तो म्हणाला. "हाताले विचारा. हात खोटं बोलत नाई."

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. हाताला विचारणं माझ्या शिस्तीत बसत नाही. मी मोजमाप केलं. विहाराच्या मागच्या खोलीत आमची तालीम असते आणि तिथं दादाचा कार्यक्रमाचा कुर्ता खुंटीला टांगलेला असतो. प्रयोगशाळेतली मीटरपट्टी नेऊन मी त्या कुर्त्याची बाही मोजली. त्यात पंजाची लांबी मिळवली, आम्हा दोघांतलं अंतर वजा केलं. भावाच्या बाहीचं माप घेऊन गिटार बनवणारा मी जगातला एकटाच असेन. घरी मुलीला दादाच्या जागी उभं करून पुन्हा पडताळणी केली. बेत घरातल्या दोघींनाच माहीत होता. लोकांची भाऊबंदकी शेताच्या धुऱ्यावरून होते, तुमची झाकणावरून होऊन राहिली, असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. चारही झाकणं गिटारीच्या वरच्या टोकाला, छातीजवळ जिथं पट्टा अडकवतात तिथं चिकटवली. दादा कितीही वाकला तरी त्याचा हात तिथं पोचणार नव्हता.

पुठ्ठा मांडीवर घेऊन एसटीनं परत अकोल्याला गेलो. मिस्त्रीनं तो माझ्या गळ्यात घातला आणि वाजवा म्हणाला. मी वाजवल्यासारखं करू लागलो. आता आवाज कमी करा, म्हणाला. मला उजवा हात तारांवरून उचलून पार छातीपर्यंत न्यावा लागला. तोवर गाणं उघडं पडलं असतं. त्यानं पुठ्ठा काढून घेतला आणि झाकणांकडे बराच वेळ बघितलं.

"तुमचाच हात पोचत नाई तिथं," तो म्हणाला. "कोणापासून लपवून राहिले?"

मग मी सगळं सांगितलं. परक्या माणसापुढं ते सांगताना इतकी लाज वाटली, की त्याच्या तोंडाकडे न बघता मी टेबलावरच्या रंध्याकडे बघून बोललो. तो हसला नाही. उठून फळीवरून एक मोडका ट्रान्झिस्टर काढला आणि त्याच्या कडेचं दातेरी चाक दाखवलं. व्हॉल्यूमसाठी असं चाक लाकडात अर्धं बुडवून बसवू, सगळ्यात बारीक तारेच्या खाली, वाजवताना करंगळी जिथं लोंबते अगदी तिथं. वाजवता वाजवता करंगळीनं कमी-जास्त करता येईल आणि बाहेरून कोणाला दिसणारही नाही. मी विचारलं, मग मांडीपाशी काय? हात आला आणि काहीच सापडलं नाही तर?

"तिथं एक बटन देऊन टाका त्याले," मिस्त्री म्हणाला. "मोठं, चकचकीत. फिरन बरोबर. पण आतून कायलेच जोडलेलं राहणार नाई."

सुंठीवाचून खोकला जाणार होता. ना भांडण, ना बोलणं. दादा आयुष्यभर बटन फिरवील आणि मी आयुष्यभर वाजवीन. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत मी एकटाच हसत होतो. शेजारच्या बाईनं शेवटी पिशवी उचलली आणि मागची सीट धरली.

दोन महिन्यांनी गिटार तयार झाली. तालमीत दादानं ती पाहिली. लाकडाबद्दल, वजनाबद्दल काही बोलला नाही. त्याचा डावा हात आधी मांडीपाशी गेला, चकचकीत बटन सापडलं, ते त्यानं एकदा मागं-पुढं फिरवून पाहिलं आणि मान हलवली. गिटार अजून स्पीकरला जोडलेली नव्हती. मी बुटाची लेस बांधायला खाली बसलो, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

पुढचा कार्यक्रम अकोटला होता. मुलगीही मोबाइल घेऊन आली. पहिल्या गाण्याला मी करंगळीनं चाक पूर्ण वर नेलं, आणि आवाज आला. स्टेजच्या फळ्यांतून तो माझ्या तळपायात आला. ढोलकीवाल्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. पहिल्या रांगेत एक बाई मांडीवर बोटं आपटत होती, ती ढोलकीबरोबर नाही, माझ्याबरोबर. माझे डोळे भरून आले, ते सांगायला मला लाज नाही. पंचवीस वर्षं एका खोलीत कोंडून ठेवलेल्या माणसाला दार उघडून अंगणात आणावं, तसं झालं मला.

कडवं संपत आलं. दादाचा हात आला. बटन सापडलं, फिरलं, आणि आवाज गेला. सगळा नाही, रोज जातो तितकाच.

मिस्त्रीनं घोटाळा केला, वायर खोट्या बटनाला जोडून ठेवली, दुसरं काही सुचेना. बटनच चालतंय म्हटल्यावर चाकाला हात लावून काय उपयोग? उरलेला सगळा कार्यक्रम मी तसाच उभा राहून वाजवला. पहिल्या रांगेतल्या बाईनं बोटं थांबवून पदर सारखा केला. एकदा अंगण दाखवून परत आत ढकललं तर खोली आधीपेक्षा लहान वाटते. एवढा कोंडमारा मला आधीच्या पंचवीस वर्षांत कधी झाला नव्हता.

परतताना जीपमध्ये दादा माझ्या शेजारी बसला. तो खुशीत होता. "ही गिटार बरी हाय रे," तो म्हणाला. "जुनीपेक्षा लवकर ऐकते." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी हो म्हणालो.

सकाळी उठल्याबरोबर मी गिटारीची मागची झाकणी उघडली. मिस्त्रीला फोन करायच्या आधी पुरावा हवा होता. कॉलेजातून आणलेला मल्टिमीटर लावला. खोट्या बटनाचे तिन्ही पाय कोरडे होते. एकालाही वायर नव्हती, सोल्डरनं डागल्याची खूणसुद्धा नव्हती. व्हॉल्यूमची वायर चाकालाच होती, अगदी नीट. चाक मात्र अर्ध्याच्याही खाली आलेलं होतं. गिटार पिशवीत भरताना घासलं असेल, असं मी मला सांगितलं.

तेवढ्यात मुलगी मोबाइल घेऊन आली. तिचा चेहरा फुलला होता. तिला माझा आवाज सापडला होता, पहिल्या गाण्यात, जवळजवळ अख्खं कडवं. तिनं तो मला दोनदा ऐकवला. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं व्हिडिओ थांबवला नाही आणि तो पुढे गेला, आवाज जातो तिथपर्यंत.

"पण पप्पा," ती म्हणाली, "थे बटन तं खोटं होतं नं?"

वायरिंगमध्ये गडबड झाली असेल, मी म्हणालो. समोर उघडी गिटार होती, हातात मल्टिमीटर होता, आणि तरी मी तसं म्हणालो. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी नाही, पण तिनं आत डोकावून बघितलं. व्हिडिओ थोडा मागं घेतला, दोन बोटांनी पडद्यावर माझा उजवा हात मोठा केला आणि अगदी सावकाश पुढं सरकवत नेला. मी बघू लागलो. दादाचा हात येत होता. तो अजून हवेतच होता, बटनाला लागलाही नव्हता, आणि माझी करंगळी चाक खाली नेत होती.