इटलीचे गव्हले

मस्तगडातली आमची सगुणाआत्या गव्हले बघून बाईच्या मनातलं ओळखायची. लग्नघरी खिरीसाठी बायका भिजवलेल्या रव्याचे गव्हाएवढे दाणे चिमटीत वळत बसायच्या. आत्या ताटात बोट फिरवायची आणि सगळ्यांदेखत सांगायची, "हा जाड दाणा पुष्पाचा. सासूचा विषय निघाल्ता न्हाई का तवा!" आणि ते बराबर असायचं. मी तर तिच्यासमोर बसायचंच सोडलं. नवऱ्याशी भांडून आले की माझे दाणे लगेच चुगली करायचे.

सत्त्याण्णव साली माझा भाऊ मच्छिंद्र कंपनीच्या कामानं इटलीला जाऊन आला. येताना आत्यासाठी एक पुडा घेऊन आला. "तिकडचे गव्हले, आत्या. सूपमध्ये टाकतात."

आत्यानं चष्मा चढवला, पुडा ताटात ओतला आणि बोट फिरवलं. मंग पुन्हा फिरवलं.

"सगळे सारखे. एकबी जाड न्हाई, एकबी वाकडा न्हाई."

"मग! इटलीचा माल आहे," मच्छिंद्र फुशारून म्हणाला.

आत्या हळहळली. "बिचारीच्या शेजारी बोलायला कुणीच बसलं नव्हतं रे."