उजव्या सोंडेची पिशवी

आईला मिरजेला न्यायला एक पिशवी हवी होती, बास, एवढंच. तिच्या पोटात गाठ होती. तिथल्या डॉक्टरांनी अप्पांना बजावून सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर करा, दिवस घालवू नका. शनिवारच्या गाडीनं निघायचं ठरलं. ऐंशी साल उजाडायच्या जरा आधीची गोष्ट, श्रावण नुकताच लागलेला. अप्पांचं दाजीबानपेठेत दोरे, बटणं आणि अस्तराचं छोटं दुकान होतं, त्यामुळे घरात कापडाच्या पिशव्या ढिगानं होत्या. पण सगळ्या पातळ. दोन लुगडी आणि तांब्याभांडं घातलं की कुठलीही फाटली असती.

मी आणि माझी थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, दुर्गदबैलाच्या बाजारात गेलो. तिथं जुने कपडे मांडून बसणारी एक बाई होती. अक्कानं तिच्याशी कन्नडमधून भरपूर घासाघीस केली आणि एक पांढरट, जाडजूड, रुंद तळाची पिशवी काढली. कापड मजबूत होतं, पण एका बाजूला शाईचा तळहाताएवढा डाग. सोड्यात भिजवली, दगडावर आपटली, उन्हात घातली. डाग काही हलेना.

"असली डागाळलेली पिशवी घेऊन आईनं परगावी जायचं? लोक काय म्हणतील?" अक्का म्हणाली. टायपिंगच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीनं तिला कागदावरचं चित्र कापडावर उतरवायची युक्ती शिकवली होती. डागावर चित्रच बसवू या, ती म्हणाली. गेल्या चतुर्थीच्या एका साप्ताहिकात पानभर रंगीत गणपती होता, आईनं तो जपून ठेवला होता. तिला न विचारता अक्कानं तो काढला. म्हणे, आश्चर्याचा धक्का देऊ.

टर्पेंटाइनमध्ये साबणाचा कीस विरघळवून तिनं चित्राला पातळ हात दिला. थोडा वेळ थांबून ते पान पिशवीवर पालथं घातलं आणि चमच्याच्या पाठीनं घासत बसली. मी कोपरे दाबून धरले होते. घरभर वास सुटला. पान उचललं तेव्हा, खरं सांगते, मी ओरडलेच. फिकट, पण अख्खा गणपती उतरला होता. मुकुट, जास्वंद, डोळेसुद्धा. डाग त्याच्या पोटाखाली जवळजवळ दिसेनासा झाला होता.

आईनं ती पिशवी मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवला. "आता मला कसली भीती की गं," ती म्हणाली. अक्काचा चेहरा असा फुलला होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. अप्पांच्या थोरल्या भावाच्या बायको, पलीकडच्या गल्लीत राहायच्या. प्रवासासाठी मेतकूट घेऊन आल्या होत्या. पिशवी बघितली आणि त्यांचा हातच थांबला. "अय्यो देवरे! अगं, सोंड कुठल्या बाजूला आहे ही?"

आम्ही बघितलं. कागदावर सोंड डावीकडे होती. पान पालथं घातल्यावर ती उजवीकडे वळली होती. हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं, पण आम्ही रंग बघत बसलो होतो. आमच्याकडे घरात डाव्या सोंडेचाच गणपती आणतात. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सगळं सोवळ्यात करायचं, चूक झाली तर तो खपवून घेत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. "आणि तू त्याला दवाखान्यात घेऊन चाललीस? औषधं, रक्त, कुणाकुणाचे हात!" काकू म्हणाल्या.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी हळूच पाटावर ठेवत ती म्हणाली, "मी नाही जात. आधी ह्याचं काय ते बघते."

माझं डोकंच फिरलं. मी काकूंना म्हटलं, तुम्हाला आजच यायचं सुचलं होय? अप्पांनी मला दटावलं आणि सरळ गुरुजींना घेऊन आले. गुरुजी हसले. "वहिनी, पिशवीवरचं चित्र आहे हो. प्रतिष्ठा नाही, काही नाही. नमस्कार करा आणि खुशाल गाडीत बसा." काकूंचंसुद्धा समाधान झालं. पण आई हटेना. "गुरुजी बोलून गेले. भोगायचं मला आहे."

अक्का म्हणाली, मी पिशवी विसर्जन करून येते. आई म्हणाली, घरी आलेल्याला असं घालवायचं नाही. अक्का म्हणाली, मग इथंच राहू दे, तू दुसरी पिशवी घेऊन जा. तेही नको. शनिवारची गाडी गेली. आई पहाटे गार पाण्यानं अंघोळ करून, सोवळ्याचं नेसून त्या पिशवीपुढे बसायला लागली. दूर्वा निवडताना कळ आली की पाटाची कड घट्ट धरायची. अप्पा विचारायचे, कधी निघायचं? आई म्हणायची, संकष्टी होऊ दे. मग घरातला गणपती बसू दे. मग पितृपंधरवडा, त्यात कोण निघतं? मग नवरात्र. अप्पांनी हात टेकले. मी तर आईवर चिडून दोन-दोन दिवस बोलायची नाही.  अक्का मात्र आईच्या आधी उठून पाणी भरायची, देवघर सारवायची, दूर्वा आणायची. तिचं जेवण तुटलं. एकदा ती मला म्हणाली, "ते पान मी सुलटं ठेवलं असतं तर?" मी म्हटलं, सुलटं ठेवून चित्र उमटतं होय, वेडे? ती हसली नाही.

दसरा झाल्यावर आईला उभं राहवेना, तेव्हा अप्पांनी कुणाचं न ऐकता तिला मिरजेला नेलं. मी सोबत गेले. अक्का धाकट्या भावंडांसाठी घरी राहिली. ऑपरेशन झालं म्हणजे काय, पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. "इतके दिवस काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं. 

नंतर एका सकाळी आईला जरा बरं वाटत होतं. मी तिचे केस विंचरत होते. ती एकदम म्हणाली, "अक्काला सांग, गणपतीचं काही नव्हतं. मला पोट फाडून घ्यायची भीती वाटत होती गं. फार भीती वाटत होती. निमित्त मिळालं, ते धरून बसले."

मला तिचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की मी फणी घेऊन तशीच बाहेर गेले. ती पुन्हा त्यावर बोलली नाही. आई मिरजेहून परत आली नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले तेव्हा मी अक्काला आईचा निरोप शब्दन् शब्द सांगितला. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि तांदूळ पाखडायला लागली.

"अगं, खरंच म्हणाली! माझ्यासमोर म्हणाली!" मी ओरडले. "तुझा आईवर विश्वास नाही का?"

"म्हणाली असेल की," अक्का म्हणाली. "आईला मी ओळखत नाही होय? माझ्यासाठी ती जाता जाता खोटंसुद्धा बोलेल."