खुब्याचे घराणे

पन्नाशी उलटल्यावर मी चिनी युद्धकला शिकू लागले, हे आजही मी आपण होऊन कोणाला सांगत नाही. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये मोटारींचे आराखडे काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. शनिवारी सकाळी तिथल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत शेवटच्या रांगेत उभे राहण्याचे धाडस फार उशिरा झाले.

आमचे वृद्ध गुरू एका लहानशा घराण्याचे. आम्ही त्यांना शिफू म्हणतो. घराणे हा शब्द मी आपल्या गाण्यातून उचलला आहे, पण रीत तीच: लिहून काही ठेवायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, गुरू पुढे करतात, शिष्य मागे करतात. हालचालींची एक लांब मालिका त्यांच्या गुरूंनी मरण्याआधी केवळ त्यांच्या हाती सोपवली होती. ती पुढे पोचवणे, एवढेच आता त्यांचे मागणे होते.

एका शनिवारी त्यांचा खुबा फार दुखत होता. ते बाकावर बसले.

“फ्राऊ इंजिनिअर,” इंजिनिअरबाई, असेच ते मला म्हणत, “आज तुम्ही पुढे.”

मी संकोचाने अर्धमेली होऊन सुरुवात केली. वळणाच्या जागी डावा पाय ओढून घेत, खांदा किंचित झुकवला. त्यांचा हात वर गेला.

“हे काय?”

“आपण करता तसंच, शिफू.”

मागे कोणीतरी फिसकन हसले. आमचे थोरले गुरुबंधू, एक निवृत्त जर्मन शिक्षक, जमिनीकडे पाहू लागले. खुब्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीपासून शिफूंकडे शिकत असलेले ते एकटेच.

“मी असं करतो?” शिफूंनी त्यांना विचारले.

“आल्झो... म्हणजे... ऑपरेशननंतर, हो.”

“आणि तू बोलला नाहीस?”

“तुम्हाला कसं सांगणार?”

“छान! म्हणजे मी गेलो तरी माझा खुबा जगणार.”

सगळे हसले. शिफू हसले नाहीत.

गवयाचे शिष्य त्याचा खोकलासुद्धा उचलतात, ही थट्टा मी लहानपणापासून ऐकत आले होते. घरी स्वयंपाकघराच्या काचेत पाहून ते ओढलेले पाऊल मी किती निष्ठेने घोटले होते! कलेतले सर्वांत सूक्ष्म असे तेच, अशी माझी समजूत होती. माझ्या मापात चूक नव्हती. नमुनाच जखमी होता.

शिफूंनी गुरुबंधूंना पुढे उभे केले. “आजपासून सगळ्यांनी याच्याकडे बघायचं. माझ्याकडे नाही.”

“पण शिफू, तुम्ही...”

“मी बसून चुका काढीन. त्याला खुबा लागत नाही.”

त्यानंतर त्यांनी आमच्यासमोर ती मालिका कधीच केली नाही.

माझा पाय सरळ पडायला सबंध हिवाळा जावा लागला. एका सकाळी वळणावर तो न ओढता, अलगद उचलला गेला. शाबासकीच्या आशेने, या वयातही, माझी नजर बाकाकडे गेली.

“इकडे नाही,” शिफू म्हणाले. “तिकडे बघा.”