भिंतीवरचं ताजं पापलेट

ऐन आषाढात मी लोकांना ताजं पापलेट खायला बोईसरला पाठवलं.

यात काय चुकलं हे ज्यांना कळलं नसेल ते माझे खरे मित्र, कारण मलाही कळलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला कळतं. पावसाळ्यात दर्या उधाणलेला असतो, होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय शेजारच्या मुरबे गावचा एकही कोळी पाण्यात होडी घालत नाही. तोवर घरोघरी सुकी मासळी. मी मात्र नगरकडचा. आमच्याकडे समुद्र नव्हता. मला वाटायचं, तो एसटी स्टँडसारखा बारा महिने चालू असतो.

मी तेव्हा पालघरला एका छापखान्यात प्रुफं तपासत होतो. छापखान्याचे मालक स्वतःचं साप्ताहिक काढत आणि त्याचे संपादकही तेच होते. तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, तशी देशावरची माणसं कामाला येऊन बोईसर-सालवडला खोल्या करून राहू लागली. बायकामुलं गावी, मग जेवायचं कुठे? साप्ताहिकाकडे पोस्टकार्डं येऊ लागली. बाजरीची भाकरी इकडे कुणी करतं का? उपासाच्या दिवशी काय मिळेल? संपादकांनी 'कुठे जेवाल?' असं सदर काढलं, माझ्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि ते माझ्या हवाली केलं. खाण्यातला माझा अधिकार तेवढाच.

पण खरं सांगायचं, तर तोवर आयुष्यात मला कुणी काही विचारलंच नव्हतं. घरात मी धाकटा, छापखान्यात सगळ्यात नवा. आणि आता चांगली मिशावाली माणसं 'सदरलेखकांस सप्रेम नमस्कार' लिहून मला विचारत होती, 'कुठे जेवू?' त्या सदरासाठी मी जीव टाकला असता. पुढे जवळजवळ टाकलाच.

मी आळशी होतो म्हणून उत्तरं आधीच लिहून, खिळे जुळवून घेऊन ठेवायचो. प्रश्न आला की उत्तर हजर. वैशाखात बोईसर स्टेशनजवळच्या एका खानावळीत पापलेट खाल्लं होतं, त्याचं उत्तर तेव्हाच तयार झालं होतं : 'सकाळी समुद्रात, दुपारी ताटात. ताजं पापलेट खावं तर इथेच.' या वाक्यावर मी स्वतःच खूष होतो. सालवडच्या कुणा सांगलीकडच्या फिटरचा प्रश्न आला आषाढात. मी बाहेर पडणारा पाऊस पाहिला, खिडकी लावली आणि उत्तर छापायला दिलं.

त्या खानावळीचा मालक पालघरजवळच्या माहीमचा. घरची पानवेलींची वाडी भावाच्या गळ्यात घालून तो बोईसरला गल्ल्यावर येऊन बसला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. सभ्यपणा म्हणून नव्हे, फुकट जाहिरात नको म्हणून. त्याची आमटी पातळ होती, एवढं मात्र छापून ठेवतो.

पुढच्या रविवारी मी तिकडे गेलो. आपण गिऱ्हाईकं पाठवली आहेत, तेव्हा मालक उठून हात जोडेल, एखादी तुकडी जास्त वाढेल, अशा समजुतीत होतो. मालक उठला खरा.

"या, या! अरे बघा, ताजं पापलेट आलं!"

अख्खी खानावळ माझ्याकडे वळली. जेवणाऱ्यांना आधीच सगळं सांगून ठेवलेलं असावं, कारण हसण्यात जरासुद्धा चालढकल झाली नाही. माझ्यापुढे भात, वाल आणि सुक्या जवळ्याची चटणी आली.

"पापलेट?" मी विचारलं.

"सकाळी समुद्रात होतं," मालक म्हणाला. "दुपारी तुमच्या पेपरात गेलं. आमच्या ताटात यायचं राहिलं. ओ लेखक, आषाढात मासे कोण पकडतो? तुमी सोता पोहत जाता काय? चिखल तुडवत माणसं आली इथं, मला शिव्या देऊन गेली."

मी खाली मान घालून जेवलो आणि हात धुवायला मोरीवर गेलो. तिथे, अगदी डोळ्यांसमोर, माझं उत्तर भिंतीला चिकटवलेलं. खाली कोळशानं लिहिलं होतं, 'हसून हात धुवा.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाढपी वाचून दाखवत होता, आणि 'दुपारी ताटात' म्हणताना माझ्यासारखं पोट पुढे काढत होता.

मी इकडेतिकडे पाहून नखानं कोपरा उचकटायला गेलो. कोपरा हलेना. मग आठवलं. दोनच दिवसांपूर्वी हाच वाढपी छापखान्यात वाडगं घेऊन आला होता. "मालकांना काय तरी चिकटवायचाय, चांगली खळ द्या." खळ मीच शिजवली होती. वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घातला होता, आणि वर सांगितलं होतं, "भिंत पडेल, पण कागद सुटणार नाही."

"नखं मोडतील," मागून मालकाचा आवाज आला. "खळ चांगली हाय."

महिनाभरात मला दुसरं नाव राहिलं नाही. पालघर स्टेशनबाहेरचा टांगेवाला "काय ताजं पापलेट, कुठं सोडू?" म्हणून विचारायचा. छापखान्यातले जुळारी माझ्या टेबलावर रोज थोडा जवळा ठेवून जायचे. हे सगळं मी गिळलं असतं. पण एक दिवस संपादकांनी बोलावलं.

"अहो, बोईसरला लोक आपलं साप्ताहिक हात धुताना वाचतात म्हणे."

"तो माणूस दुष्ट आहे हो."

"असू दे ना. पण त्या मोरीवरचा कागद उतरला पाहिजे. गणपतीपर्यंत वाट बघतो. नाहीतर तुमच्या सदराच्या जागी राशिभविष्य घालीन. ते चुकलं तर निदान कुणी खानावळीत जाऊन भांडत नाही."

त्या दिवसापासून मी सूड या एकाच विषयाचा विचार केला. प्रुफांत 'श्रीगणेशा'चा 'श्रीगणेस' झाला, मला दिसला नाही. मालकाच्या चुलीत पाणी शिरावं, त्याच्या वाडीतली पानं किडावीत, वाढप्यानं पळून जाऊन समोरच दुकान घालावं, असे एकेक बेत मी रोज अंथरुणावर पडून चाखून बघायचो. शेवटी सगळ्यात सोपा बेत सुचला, तोही त्याच्याच पाटीवरून. खानावळीबाहेर लिहिलं होतं, 'पोटभर जेवण.' ताटाचा दर ठरलेला, भात-आमटी हवी तितकी. स्टेशनवरचे कारकून आणि शाळेतले मास्तर असे किती खाणार, या भरवशावर ती पाटी उभी होती.

मी सदरात एक प्रश्न छापला. 'एक भुकेला, सालवड' असं खाली नाव. तो भुकेला मीच. उत्तरही अर्थात माझंच : 'बोईसर स्टेशनजवळचे हे मालक मनाने राजा आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा भात मागितला नाही तर ते रुसतात. तिसऱ्यांदा मागणाऱ्याला ते नातेवाईक समजतात. बांधकामावरच्या अंगमेहनतीच्या बंधूंनी लाजू नये.' ते वाचून संपादक म्हणाले, "बघा, कुणाचं चांगलं लिहिलं की कसं बरं वाटतं."

रविवारी मी सकाळीच बोईसर गाठलं आणि खानावळीतली कोपऱ्यातली जागा धरली, सगळं दिसेल अशी. थोड्या वेळानं ते आले. दिवसभर लोखंडी सळया खांद्यावर वाहणारे, गावी तालमीत मेहनत केलेले, दारातून आत येताना जरा तिरके होणारे. बाकडी कुरकुरली. मी वालाचा पहिला घास घेतला. त्यात मीठ नव्हतं, तरी इतका गोड घास मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

पहिला भात गेला. दुसरा गेला. वाढपी धावायचा थांबून नुसता चालायला लागला, मग पातेलंच बाकड्यावर ठेवून बाजूला उभा राहिला. आचारी बाहेर येऊन मालकाच्या कानाशी लागला. मालक वाण्याकडे माणूस पाठवून पुन्हा गल्ल्यावर बसला आणि टोपीनं वारा घेऊ लागला.

"मालक, भात येऊ द्या की," त्यातला सगळ्यात रुंद माणूस म्हणाला.

"अजून?"

"तिसऱ्यांदा मागतोय. आता आमी तुमचं नातेवाईक न्हवं का? पेपरात छापलंय."

मला हसू आवरेना. मी ठसका लागल्यासारखं केलं. मालकानं त्या माणसाकडे पाहिलं, मग हळूहळू मान वळवून माझ्याकडे. आणि तोही हसला. ते हसणं मला आवडलं नाही. तो उठून आत गेला.

इथे माझी दुसरी चूक. मी असं धरून चाललो होतो की मासे नाहीत, नुसता भात आणि आमटी, म्हणजे मालकाच्या हातात काहीच नाही. आषाढातल्या फजितीनं मला एवढंच शिकवलं होतं, की मासे नसतात. ते पुन्हा येतात, हे शिकायचं राहिलं होतं. नारळी पौर्णिमा झाली होती. होड्या दर्यात गेल्या होत्या. मुरब्याच्या कोळणीनं सकाळीच माशांची पाटी आणून टाकली होती, आणि त्या पाटीत पाला होता.

पाला हा मासा चवीला असा की डोळे मिटावेत. पण अंगभर काटे, केसासारखे बारीक. किनाऱ्यावरची माणसं तोंडातल्या तोंडात काटा वेगळा करून गप्पा मारत खातात. देशावरच्या माणसानं तो कसा खायचा, हे देशावर कुणी सांगत नाही.

"पावणे, नातेवाईकांना नुस्ता भात कसा वाढू?" म्हणत मालकानं स्वतःच्या हातानं तुकड्या वाढल्या.

गडी खूष झाले. मग पहिले घास तोंडात गेले. प्रत्येकजण तोंडात बोटं घालून काहीतरी ओढत होता. भाताकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

"आयला, ह्यो मासा हाय का सुयांची डबी?"

"खाता येत नाय?" मालक मोठ्यानं म्हणाला. "मग शिकवणारे बसलेत ना! पेपरात मासे सांगतात ते हेच. ओ लेखक, जरा दाखवा पावण्यांना."

आणि माझ्यापुढे तुकडी आली. सगळ्यात जाड.

नाही म्हणता आलं असतं. पोट भरलंय, म्हणता आलं असतं. पण ती सगळी बाकडी माझ्याकडे वळून बसली होती, सूड जवळजवळ घेऊन झाला होता, आणि मला कुणीतरी विचारत होतं. मी तुकडी उचलली.

"हे बघा," मी म्हणालो, "घास घाईनं गिळायचा नाही. जिभेनं काटा चाचपायचा, असा, आणि मग तो अलगद..."

पुढचा शब्द आला नाही. काटा घशात आडवा बसला होता.

त्यानंतर काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कुणी कोरड्या भाताचा गोळा कोंबला, "चावू नका, गिळा." कुणी केळं आणलं. मालक म्हणाला, "शिकवताना बोलायचं नसतं." शेवटी त्या सगळ्यात रुंद माणसानं मला कमरेत धरून उचललं आणि मोरीवर नेऊन वाकवलं. पाठीत धपाटे सुरू झाले. डोळ्यांतून पाणी, आणि डोळ्यांसमोर तोच कागद.

माझ्या खांद्यावरून तोही वाचू लागला, एकेक शब्द आणि एकेक धपाटा. "'सकाळी... समुद्रात... दुपारी... ताटात.'" धपाटे थांबले. "च्यायला, हे उत्तर मला आलतं! सालवडवरनं भिजत आलतो की मी हितं. तुमीच का ते?"

बोलता येत नव्हतं. मी मान हलवली.

पुढचा धपाटा औषधाचा नव्हता. पण काटा त्यानंच निघाला.

मला श्वास आला. मालक हातात तांब्या घेऊन उभा होता, तृप्त. मी पाणी प्यालो आणि जो काही आवाज उरला होता त्यात म्हणालो, "तेवढा तो कागद काढा."

"का म्हणून? गिऱ्हाईकं हसून हात धुतात."

"काढा ओ मालक," फिटर म्हणाला. "न्हाईतर मी परत भाताला बसतो. ह्या खेपेला मासा नगं."

मालकानं त्याच्याकडे पाहिलं, रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं आचाऱ्याकडून उलथनं मागवलं. कागद सुटेना. तो खरवडताना त्याला घाम फुटला, चुन्याचे पोपडे त्याच्या टोपीवर पडले. माझी खळ! मी तिथेच टेकून उभा राहिलो आणि शेवटचं अक्षर जाईपर्यंत बघत राहिलो. भूक लागलेली माणसं मी बोलावली होती आणि त्यांच्याच भीतीनं कागद उतरला होता. म्हणजे सूड लागू पडला होता. सदर वाचलं होतं. घसा सोललेला होता, तरी मी फिटरपुढे दोन्ही हात जोडले.

"उपकार झाले तुमचे. माझी बाजू घेतलीत."

"तुमची बाजू कोण घेतोय?" हात धुत तो म्हणाला. "आता माणूसच बघितला सगळ्यांनी. कागद काय करायचाय?"