दोन पानं सोडून

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी रोहिणीचा फोन आला, तेव्हा मी आइंडहोवनच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. "अजित गेला," ती म्हणाली. अजित म्हणजे तिचा नवरा, माझा कॉलेजपासूनचा मित्र, वय चव्वेचाळीस. कामावर जाताना सायकलवरच छातीत कळ आली, रुग्णवाहिका पोचली तोवर सगळं संपलं होतं. मी विचारलं, "किती वाजता?" पुण्यात अकरा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो, बातमी आली की आधी वेळ विचारायची ही तिथली सवय. रोहिणीने बिचारीने वेळही सांगितली... फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते असं : याला जाणंसुद्धा सोपं मिळालं. आज या गोष्टीला आठ आठवडे झाले. अजितबद्दल लिहायचं तर हे वाक्य गाळून लिहिता येणार नाही.

अजित इथे विद्यार्थी म्हणून आला, इथल्याच विद्यापीठात शिकला आणि चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत लागला. मी नऊ वर्षांनी आलो, तेही माझ्या बायकोच्या, मानसीच्या नोकरीमागून. तोवर त्याच्याकडे दक्षिणेला बाग असलेलं घर होतं, अस्खलित डच होतं, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला हाक मारून थांबवत होत्या. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, उन्हाचे तीन तास मिळणारी बाल्कनी आणि यंत्रांची माहितीपत्रकं लिहिण्याचं काम. नगरपालिकेचं पत्र येवो, सायकल बिघडो, मानसी म्हणायची, "अजितला विचार ना, त्याला माहीत असेल." त्याला खरंच माहीत असायचं. तो मला 'संपादक' म्हणायचा. मी संपादक कधीच नव्हतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२०२०च्या वसंतात सगळे घरात कोंडले गेले आणि ओळखीतला जो तो पाव भाजू लागला. मी गांजाच्या बिया मागवल्या. इथे घरी पाच रोपांपर्यंत लावली तर पोलीस काणाडोळा करतात. मला गांजा ओढायचा नव्हता. अजितने अजून केलेली नाही अशी एक गोष्ट करायची होती. पाकिटात पाच बिया होत्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं, नोंदींसाठी वही केली होती, माती कोणती आणि पाणी किती हे वाचून काढलं होतं. त्याच आठवड्यात पुण्याला अजितचे वडील वारले. विमानं बंद होती. त्याने अंत्यविधी फोनवर पाहिला. मी भेटायला गेलो तेव्हा तो बागेत खुर्चीवर बसला होता आणि दीड मीटरवर माझ्यासाठी दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. मी बसलो. मग तो म्हणाला, "बाबांच्या गच्चीतली झाडं आता कोण बघणार रे?"  माझ्या खिशात बियांचं पाकीट होतं. मी दोन बिया काढून मधल्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"गांजा."

रोहिणी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "काय आहे ते?"

"तुळशीची लांबची बहीण," अजित म्हणाला.

"मराठी मंडळात कोणी विचारलं तर सांगेन हं, ही बहीण संपादकांनी आणली," रोहिणी म्हणाली.

त्या दिवसांत अजित पहिल्यांदा हसला. "मला ओढायचं नाहीये," तो मला म्हणाला. "काहीतरी उगवलेलं बघायचंय." घरी येताना मला त्या दोन बियांचा पश्चात्ताप होत होता.

त्याची एक बी उगवली आणि गोगलगायींनी खाल्ली. दुसरी तगली. माझ्या तीन उगवल्या. मी रोज पाणी मोजून घालत होतो, उन्हाचे तास लिहीत होतो, आणि पानं पिवळी पडत होती. अजित आंघोळ झाली की ओल्या केसांनी बागेत जायचा आणि एक तांब्या ओतायचा. त्याच्या वडिलांची तुळशीला पाणी घालायची तीच पद्धत होती. रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. "काय संपादक, झाडाला पाणी घालता की नुसतीच बातमी करता?" जूनमध्ये त्याने विचारलं, शेंडे खुडायचे का? मी वाचलेलं सांगितलं : खुड, झाड पसरेल. ते बरोबर होतं. जुलैत माझं एक रोप नर निघालं, ते उपटलं. दुसरं मुळाशी सडलं. एक उरलं, गुडघ्याएवढं. अजितचं कुंपणाबाहेर डोकावू लागलं होतं. मानसी त्याचा फोटो मैत्रिणींना पाठवत होती. आमच्या बाल्कनीचा फोटो तिने कधी काढला नाही.

ऑगस्टच्या मध्यावर अजितने फोन पानांजवळ धरून विचारलं, "हे बघ, तुरे यायला लागलेत. तुळशीच्या मंजिऱ्यांसारखेच ना? बाबा रोज खुडायचे. नाही खुडल्या तर झाड लवकर म्हातारं होतं म्हणायचे. हेही खुडायचे ना?"

गांजाच्या झाडाचे तुरे म्हणजेच त्याचं पीक. ते खुडले की उरतात फक्त पानं. हे मी चार ठिकाणी वाचून पडताळलं होतं, वहीत अधोरेखित केलं होतं. जूनमधला एक सोडला तर असा प्रश्न त्याने मला आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असेल, ज्याचं उत्तर मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

"खुड," मी म्हणालो.

ऑक्टोबरमध्ये माझ्या झाडाचे तुरे वाळवून जॅमच्या एका बाटलीत भरले. अजितच्या झाडाला काहीच आलं नाही. कॉलवर मी बाटली दाखवली. त्याने टाळ्या वाजवल्या. "जिंकलास, संपादक!" मानसी माझ्या मागून म्हणाली, "पण अजितचं झाड काय डेरेदार झालंय बघ!" तरी मी वर्षभर खूश होतो. बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर, येता-जाता दिसेल अशी ठेवली होती. ती आजतागायत उघडलेली नाही.

गेल्या रविवारी रोहिणीने बोलावलं. बागेतली खोली आवरायची होती, एकटीने होत नव्हतं. मातीच्या पिशव्यांमागे त्या झाडाची कुंडी निघाली, वाळलेल्या बुंध्यासकट. रोहिणी ती हातात घेऊन उभी राहिली.

"सप्टेंबरात बियांच्या दुकानात गेला होता, तिथल्या माणसाने सांगितलं," ती म्हणाली. "तुरे खुडायचे नसतात. मी म्हटलं, फोन लाव त्याला, विचार असं का सांगितलंस."

"मग?"

"म्हणाला, त्याच्या झाडाला आलेत ना, मग असू दे. एकदा तरी तो पुढे असू दे." तिने कुंडी खाली ठेवली. "आणि त्यानंतरही खुडत राहिला. रोज सकाळी. मला तर वेडाच वाटला."

दैनिकात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची, हे मी अकरा वर्षं पाळलं. अजितला दुरुस्ती द्यायला माझ्याकडे वर्षाहून जास्त वेळ होता. ती मी दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही... ऐकल्यावर मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी राग आला. अख्ख्या ओळखीत मी त्याच्यापुढे गेलो असं एकदाच झालं होतं, आणि तेही त्यानेच दिलेलं निघालं.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "तेव्हाच. खुडायचे नसतात हे."

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. "त्यालाही वाटलं होतं तसं," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

मीही आत गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची तुळस आहे; थंडीत ती आतच असते. अजित रोज आंघोळीनंतर बोलता बोलता, तिच्याकडे न बघता मंजिऱ्या खुडायचा. आता आठ आठवड्यांत कोणी हात लावला नव्हता. मंजिऱ्या लांब होऊन काळ्या पडल्या होत्या, खिडकीच्या कट्ट्यावर बी सांडलं होतं. रोहिणी चहा टाकत होती.

"तेवढ्या खुडून टाकतोस?" ती म्हणाली. "मला नाही होत."

मी पहिली मंजिरी खुडली. तिच्याबरोबर हिरवा शेंडाही तुटून हातात आला.

"तसं नाही," रोहिणी म्हणाली. "अजित खालची दोन पानं सोडून खुडायचा."

मी दुसरी मंजिरी धरली, खालची दोन पानं मोजली, आणि ती सोडून खुडली.