आत्याचा धवला

ओल्या हळदीचा वास आला की मला कोपरचा हॉल आणि ताईचं लग्न आठवतं. आम्हा आगऱ्यांत पूर्वी धवलारीण गाणी गाऊन लग्न लावायची, आणि आमची आत्या धवलारीण. निम्मा गाव तिने बोहल्यावर चढवलेला. पण मुलाकडचे आगरी असले तरी ठाण्यात फ्लॅटमध्ये राहणारे, घरातही शुद्ध बोलणारे. गावठी बोली ऐकून ते हसतील म्हणून बाबांनी आत्याला मागच्या रांगेत बसवलं आणि माइक भटजींना दिला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरकला, तरी ताई हार धरून उभीच. म्हणाली, "आधी आत्याचा धवला, मग हार." बाबांचा चेहराच उतरला. तेवढ्यात पैठणीतली तिची कडक सासू उठून तरातरा मागे गेली. मला वाटलं, मोडलं लग्न! तर ती आत्याला खेटून बसली आणि म्हणाली, "सुरू कर गो बाय, ठाण्याला आले तवापासून गायलेच नाय मी." मग दोघींनी असा सूर लावला की भटजींनीच माइक नेऊन त्यांच्यासमोर धरला. आता त्या घरात सासू-सून भांडतातसुद्धा आगरीत, आणि बाबा तिकडे गेले की एकटेच शुद्ध बोलत बसतात.