प्रेमलाबाईंची साक्ष

भिलाईतल्या रुआबांध्याच्या त्या छोट्या चर्चमध्ये प्रेमलाबाई बांते यांची साक्ष, म्हणजे देव आपल्याला कसा भेटला ती गोष्ट, सगळ्यांना तोंडपाठ होती. नाताळच्या आदल्या रविवारी, उपवासाच्या दिवसांत, बाहेरून कुणी पाहुणे पास्टर आले की, दर वेळी कुणीतरी म्हणायचंच, प्रेमला आंटींना उभं करा. त्या गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, पदर सावरायच्या आणि हिंदीत सुरुवात करायच्या. मधला एकच तुकडा मराठीत असायचा, कारण तो मराठीतच घडला होता.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालेलं नव्हतं. प्रेमला लाखनीकडून लग्न होऊन भिलाईला आली त्याला तीन वर्षं झाली होती. नवरा धनंजय तिथल्या स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये फिटर होता. पहिलंच बाळंतपण होतं आणि मूल जन्मतःच गेलं. त्यानंतर तिला जो ताप भरला तो उतरेना. प्लांटच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर ती पाच दिवस पडून होती. बोलायची नाही, खायची नाही, भिंतीकडे तोंड करून राहायची. आपणही गेलो तर बरं, एवढंच तिच्या मनात होतं. पाचव्या दिवशी दुपारी अर्धवट गुंगीत तिला आवाज आला, अगदी कानाशी: "भेऊ नोको माय. मी हावो ना इथंसा."

डोळे उघडले तर जवळ कुणी नव्हतं. संध्याकाळी ताप उतरला.

त्या वॉर्डात सगळा कारभार हिंदीत चालायचा, सिस्टर लोक आपसात मल्याळम बोलायच्या. तिच्या गावाकडची बोली तिथं कोण बोलणार? प्रेमलाला तेच सगळ्यात मोठं वाटलं. देव जर बोलला असेल, तर तो पोथीतल्या भाषेत बोलला नाही, तिच्या आईच्या भाषेत बोलला. हे तिनं वॉर्डातल्या एलियाम्मा सिस्टरला सांगितलं. एलियाम्मानं तिच्या कपाळावर हात ठेवला, आपल्या पुस्तकातला एक उतारा हिंदीत वाचून दाखवला आणि इतकंच म्हणाली की बरी झालीस की चर्चला ये.

प्रेमला गेली, आणि दोन वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला. धनंजयनं स्वतः कधी धर्म सोडला नाही, पण तिला अडवलंही नाही. दर रविवारी सायकलवरून चर्चच्या फाटकाशी सोडायचा आणि तासाभरानं घ्यायला यायचा. सगळ्यांनी मात्र तसं घेतलं नाही. मोठा भाऊ नरहरी त्या वर्षी राखीला आला नाही आणि पुढं कधीच आला नाही. आई वारली तेव्हा तिला तेराव्यानंतर कळलं. हे सगळं तिनं गिळलं, ते त्या एका वाक्याच्या बळावर. निदान तिला तसं वाटत होतं.

पुढं मूल झालं नाही. एलियाम्मा रिटायर होऊन केरळात परतली आणि तिथंच गेली. धनंजय जाऊन सहा वर्षं झाली. क्वार्टर सोडल्यावर दोघांनी रुआबांध्यात दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यातच आता त्या एकट्या राहत. चर्चचा झाडू, दर बुधवारी कुणा आजाऱ्याकडे फेरी, आणि हे दुखरे गुडघे.

मार्चमध्ये शेजारच्या घरी त्या घरच्या बाईची आई राहायला आली. नाव नलूबाई, वय ऐंशीच्या घरातलं, मूळची लाखनीकडच्याच मोहाडीची. प्रेमलाबाई एकदा गच्चीवर मिरच्या पसरत होत्या. खाली शेजारच्या अंगणात तापानं फणफणलेली पणती किरकिरत होती आणि म्हातारी तिला मांडीवर घेऊन बसली होती.

"भेऊ नोको माय. मी हावो ना इथंसा."

प्रेमलाबाईंचे हात मिरच्यांतच राहिले. आवाज आता फाटलेला होता, पण चाल तीच होती. 'माय'वर येणारा तो हेल तोच होता. पस्तीस वर्षं त्यांनी तो हेल हुबेहूब काढून लोकांना ऐकवला होता. त्यांच्यापेक्षा तो जास्त कुणाला ओळखू येणार?

दोन दिवस त्या गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटीभर लोणचं घेऊन गेल्या आणि गावाकडच्या गप्पांतून हळूहळू विचारत गेल्या. नलूबाईनं सांगितलं की नवरा लवकर वारला, म्हणून ती इथंच भिलाईला प्लांटच्या दवाखान्यात आया म्हणून लागली होती. बाळंतिणींच्या वॉर्डात नऊ वर्षं काढली. खिडकीजवळची खाट? असंल. लेकरू गेलेली बाई? अशा तर किती आल्या. चेहरे आता ध्यानात नाहीत.

प्रेमलाबाईंनी विचारलं, "अन् तुमी त्याइले काय म्हणत होत्या?"

"काय म्हणणार? भेऊ नोको म्हणो. सगळ्याइलेच म्हणो. झोपल्या असल्या तरी म्हणून पुढं जावो."

"तवा तुमच्या मनात कोन होतं? देव गिव?"

म्हातारीला प्रश्नच नीट कळला नाही. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो होता, तिकडे तिनं एकदा पाहिलं आणि मान हलवली. "मनात काही नव्हतं बाई. ड्यूटी होती. सहा खाटा पुसायच्या राहिल्या असत."

प्रेमलाबाई घरी आल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. रडू आलं नाही. उन्हातून लांब चालून आल्यासारखा नुसता थकवा आला. नलूबाईच होती असं छातीठोक कोण सांगणार? पण नव्हती असंही आता म्हणता येत नव्हतं. आणि त्या मागं मागं आठवू लागल्या तसं त्यांना आणखी एक दिसलं. जवळ कुणी नव्हतं, असं त्या दर वेळी सांगत. खरंच नव्हतं का? की पहिल्यांदा त्यांनी 'मले कोनी दिसलं नाही' असं सांगितलं होतं आणि सांगता सांगता त्याचं 'कोनी नव्हतं' झालं होतं? पस्तीस वर्षांत मूळ दुपार झिजून गेली होती आणि उरली होती ती सांगायची गोष्ट.

चर्चला चाळीस वर्षं व्हायची होती. तरुण पास्टर पीयूष लाल यांनी सगळ्या जुन्या लोकांच्या साक्षी मोबाइलवर रेकॉर्ड करायचं ठरवलं होतं, आणि पहिलं नाव प्रेमला आंटींचं होतं. त्या त्यांच्याकडे गेल्या आणि जे कळलं ते सगळं सांगून टाकलं. पास्टर माणूस चांगला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि समजावलं की देव माणसाच्या तोंडूनही बोलतो, त्या बाईला ठाऊक नसेल, पण देवानं वापरलं तिलाच.

प्रेमलाबाईंनी हे आधीच मनाशी घोळवून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या की नलूबाई सहाही खाटांना तेच म्हणायची. शेजारच्या खाटेवरची सतनामी पंथाची बाई त्याच आठवड्यात गेली, तिलाही तेच म्हटलं असणार. मग तिच्याशी देव बोलला नाही का? की बोलला आणि तरी ती गेली? पास्टर हे खोडून काढायला गेले नाहीत. फक्त म्हणाले, आंटी, हा भाग रेकॉर्डिंगमध्ये नको. लोक विश्वासात कच्चे असतात.

प्रेमलाबाईंनी रेकॉर्डिंगच नको म्हटलं. पण वर्धापनाच्या रविवारी सवयीनं कुणीतरी त्यांचं नाव पुकारलंच. त्या उठल्या. मूल गेलं, ताप आला, इथवर नेहमीसारखं सांगितलं आणि पुढं म्हणाल्या की आवाज आला हे खरं, पण तो देवाचा होता असं आता मी शपथेवर सांगू शकत नाही, बहुतेक आयाचा होता. एवढं बोलून त्या बसल्या. मग पेटी वाजू लागली आणि गाणं सुरू झालं.

सगळ्यांत जास्त लागलं ते गीतांजली बोरकरला. ती सुपेल्यात ब्युटी पार्लर चालवायची. नवरा सोडून गेला तेव्हा औषध प्यायच्या बेतात होती. कुणीतरी तिला चर्चमध्ये आणलं आणि त्याच दिवशी प्रेमलाबाईंची साक्ष होती. गाणं संपल्यावर ती फाटकाशी थांबून होती.

"मी तुमच्या त्या आवाजावर जगली, काकू. आता तुमी म्हणता तो आयाचा होता. हे तुमी मले एकटीले सांगू शकत होत्या."

ते खरंच होतं. प्रेमलाबाईंना ते सुचलंच नव्हतं. खरं बोलायच्या भरात ते कुणाच्या अंगावर जाऊन पडेल, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या माफ कर म्हणाल्या, पण गीतांजली तोवर स्कूटरला किक मारत होती.

त्यानंतर ती आली नाही. जामुलच्या एका प्रार्थनासभेत जाते असं कळलं. तिथं दर आठवड्याला कुणाला तरी देवाचा संदेश येतो, नाव घेऊन येतो. पस्तीस वर्षं प्रेमलाबाईंनी तरी लोकांना दुसरं काय दिलं होतं?

त्या स्वतः मात्र जात राहिल्या. का, हे त्यांना धड सांगता आलं नसतं. विश्वासाचं तळघर उघडून पाहावं आणि आत खांबच नसावा, तसं वाटत होतं; तरी घर उभं होतं. अशा वेळी त्यांना एलियाम्मा आठवायची. एकदा त्यांनी तिला विचारलं होतं, तुम्हाला कधी ऐकू आलं? ती हसून म्हणाली होती की नाही, एकदाही नाही. आजी प्रार्थनेला उभी राहायची, आजीची आजी राहायची, म्हणून मीही राहते. तेव्हा प्रेमलाला तिची जरा कीवच आली होती.

ऑगस्टमध्ये गीतांजलीच्या आईला लकवा मारला. प्रेमलाबाईंना ते सप्टेंबरात कळलं; त्याच बुधवारी त्या ऑटो करून सुपेल्याला गेल्या. गीतांजलीनं दार उघडलं आणि बाजूला सरून आत घेतलं. दोघींनी मिळून म्हातारीला कुशीवर वळवलं, चादर बदलली, पाठ पुसली. जामुलच्या सभेत आई उठून चालेल असा संदेश आला होता, असं गीतांजलीनं खाली मान घालून सांगितलं. महिना झाला होता त्याला.

मग तिनं विचारलं, "आवाज देवाचा नव्हता, तर तुमी अजून कावून जाऊन राहिल्या, काकू?"

प्रेमलाबाई म्हातारीच्या खाटेच्या काठावर बसल्या.

"आवाज एकच दुपार आला, बाई. बाकीचे दिवस कोनं काढले? भाऊ तुटला, माय गेली, माहा माणूस गेला. तवा मले कोनी काही म्हटलं नाही. मी ऐकत होती, काहीच नव्हतं. तरी रविवारी उठून जात होती, अन् तिथं कोनी ना कोनी जागा करून देत होतं. मी समजत होती त्या आवाजावर उभी हावो. नव्हती."

"मंग कायवर?"

"तेच तर मले सांगता येऊन नाही राहिलं. माह्या आधी लोक उभे होते. त्याइच्यात जाऊन उभी राहिली. देव आहे म्हणूनच ते उभे होते, असं मले वाटते. वाटते, एवढंच. तुले पक्कं पाहिजे असंल, तर माह्याजवळ नाही."

गीतांजलीचं समाधान झालं नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आत गेली, चहा ठेवला. परत आली तेव्हा म्हणाली की जामुलला या रविवारी जाणं होणार नाही, आईजवळ कुणी नाही. रुआबांध्याला येते असंही म्हणाली नाही. प्रेमलाबाईंनी विचारलंही नाही. पुढच्या बुधवारी येईन, सकाळी दहाच्या आत, म्हणजे अंघोळ दोघींनी मिळून घालता येईल, एवढं ठरवलं.

चौकात ऑटोला बराच वेळ लागला. ऊन होतं, ट्रकांची रांग हलत नव्हती. प्रेमलाबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या. प्रार्थना करावी असं मनात आलं. शब्द सुचले नाहीत, आणि त्यांनी शोधलेही नाहीत. तशाच बसून राहिल्या, ऑटो येईपर्यंत.